माजघरातले सहा पत्रे

आपल्यापैकी बऱ्याच घरांत परड्यात, गोठ्यात नाहीतर शेडखाली वडिलांची एखादी जुनी गाडी झाकून ठेवलेली असते. विकवत नाही आणि चालवता येत नाही. हल्ली मुलं-नातवंडं अशा गाड्या दुरुस्त करून घ्यायला लागलीत, चांगलंच आहे. पण त्या कामात एक टप्पा असा येतो की नवा रंग दिलेले सुटे पत्रे, म्हणजे दारं, बॉनेट, डिकी, महिनोन् महिने घरात सांभाळावे लागतात. ते कसे सांभाळायचे हे फारसं कुणी सांगत नाही. आम्ही २०१९ चा अख्खा पावसाळा ते सांभाळले, म्हणून लिहिते. जरा लांबलंय, सवडीनं वाचा.

आमचं घर बेळगावात, शहापुरात. जुन्या मातीच्या भिंती, पुढे सोपा, मधे माजघर, मागे परडं. आप्पांचं उद्यमबागेत दोन लेथचं छोटं वर्कशॉप होतं. आई वडगावची, विणकराच्या घरातली. मी मराठी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. धाकटा भाऊ बाळू नोकरीनिमित्त पुण्याला. घरात मराठी, दारात कानडी आणि वर्कशॉपात दोन्हींत उर्दू कालवलेली, अशी आपली बेळगावकरांची असते तशीच आमची भाषा.

आप्पांची गाडी म्हणजे १९६९ ची फियाट, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. तिला डिलाइट म्हणायचे. गिअरचा दांडा स्टेअरिंगपाशी. आप्पांनी ती १९७८ मध्ये जुनीच घेतली होती. रंग राखाडीकडे झुकणारा फिकट हिरवा. कोल्हापूरला अंबाबाईला, आंबोलीला, आजोळच्या लग्नांना आम्ही त्याच गाडीतून गेलो. मागच्या सीटवर आम्ही भावंडं आणि मधे जेवणाचा डबा. डबा सांडला तर आप्पांचा आवाज चढायचा, एरवी कधी नाही.

२००८ मध्ये गुडघ्यांमुळे आप्पांनी गाडी चालवणं सोडलं आणि ती परड्यात उभी राहिली. त्यांनी बाजारातून चांगली जाड प्लॅस्टिकची ताडपत्री आणली. रोज संध्याकाळी परड्यात जाऊन ताडपत्रीची टोकं ओढून घट्ट करायचे, चारी बाजूंनी सुतळीनं बांधायचे, खाली विटा ठेवायचे. पावसाळ्यात दुसरी ताडपत्री वरून. आई म्हणायची, "अहो, तिला जरा वारं लागू द्या की." आप्पा म्हणायचे, "वाऱ्यातूनच पाणी येतं." आठ वर्षं त्यांनी हे व्रत पाळलं. २०१६ मध्ये आप्पा गेले. त्यानंतर आम्हीही त्यांनी बांधलेली सुतळी सोडली नाही, सोडवेना.

२०१८ च्या दिवाळीत बाळू आला आणि म्हणाला, "अक्का, गाडी नीट करून घेऊया. आईला एकदा त्यात बसवूया." आई तेव्हा ७९ वर्षांची होती. आम्ही ताडपत्री काढली आणि दोघंही गप्प झालो. वरून एक थेंब पाणी आत गेलं नव्हतं. पण जमिनीची ओल खालून वर चढली होती, रोज पहाटे पत्र्यावर दव साचलं होतं आणि त्या ओलीला बाहेर पडायला वाट नव्हती. डिकीवर रंगाला फोड आले होते. फोड दाबला की आतून तांबडा गंज. गाडीचा तळ पायाच्या अंगठ्यानं फुटेल असा झाला होता. बॉनेटच्या कोपऱ्यांवर, जिथे ताडपत्री वाऱ्यानं हलून घासत होती, तिथे रंग पार निघून पत्रा उघडा पडला होता. आईनं डिकीवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाली, "जीव लावला, पण गुदमरवली."

गाडीचं काम उद्यमबागेजवळच्या एका गॅरेजला दिलं आणि रंगासाठी चाचांना गाठलं. चाचा म्हणजे आप्पांच्या वेळचे पेंटर, कॅम्पातले. वय सत्तरीच्या पुढे, एका डोळ्यात मोतीबिंदू. नवीन कामं घेणं त्यांनी सोडलं होतं. पण आप्पांची गाडी म्हटल्यावर आले. डिकीचं रबर उचकटून त्याखालचा पत्रा त्यांनी पाहिला. तिथे ऊन पोचलेलं नव्हतं, म्हणून मूळ रंग शाबूत होता. त्या बोटभर पट्टीवरून त्यांनी रंग जुळवला. दुकानात यंत्रावर रंग जुळवून मिळतो, तो त्यांना पटेना. तीन दिवस ते हातानं मिसळत होते. थेंबभर काळा, थेंबभर पिवळा. एकेक ठिपका डब्याच्या झाकणावर लावायचे, वाळू द्यायचे, उन्हात बघायचे आणि मग सावलीत, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग एक दिसत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ठिपका आणि पट्टी यांतला फरक दिसेनासा झाला.

या रंगाचा कुठलाही फॉर्म्युला लिहिलेला नव्हता. एकच घाणी काढलेली. त्यातला अर्धा रंग दारं, बॉनेट आणि डिकीसाठी. उरलेला, अजून हार्डनर न घातलेला, गाडीच्या मूळ सांगाड्यासाठी डब्यात घट्ट बंद करून ठेवायचा. चाचा म्हणाले, "टीचर, डब्यातला रंग शेलपुरताच आहे. एक जरी दार परत मारावं लागलं, तर शेलला कमी पडणार. आणि हा रंग माझ्याकडून परत होईल का, अल्ला जाने. डोळा असा."

खरं तर सांगाडा आधी तयार व्हायला हवा होता. गॅरेजवाल्याचं वेल्डिंग लांबलं, कारण तळाचा गंज उघडेल तसा वाढतच गेला. पत्रे मात्र बसवून, दारांच्या फटी तपासून, पुन्हा सोडवून, लांबी भरून आणि घासून तयार होते. चाचांना ते पावसाआधीच रंगवायचे होते. पावसाळी दमट हवेत रंग मारला तर चमक मरते, वर पांढरट धुकं येतं. शिवाय जूनमध्ये त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं. म्हणून १५ मे च्या सुमारास, कोरड्या हवेत त्यांनी सहा पत्रे रंगवले. चार दारं, एक बॉनेट, एक डिकी. आतून-बाहेरून, कडांसकट. आतली बाजू नुसत्या प्रायमरवर सोडू नका, असं त्यांचं आवर्जून सांगणं होतं. प्रायमर दिसायला रंगासारखाच दिसतो, पण तो ओल पितो आणि पत्रा आतून गंजतो.

आठव्या दिवशी शेड रिकामी करायची म्हणून पत्रे आमच्या घरी यायचे ठरले. हे कळताच बाळूनं पुण्याहून बबल रॅपचा भलामोठा रोल पाठवून दिला. फोनवर म्हणाला, "अक्का, प्रत्येक पत्रा दोन-तीन वेढे गुंडाळ, चिकटपट्टी लाव आणि माळ्यावर रचून ठेव. एक ओरखडा येणार नाही." दूर राहणाऱ्या माणसाचा जीव टांगलेला असतो, हे मला समजत होतं. आप्पांच्या शेवटच्या दिवसांत त्याला वेळेवर पोचता आलं नव्हतं, तेही त्या रोलमध्ये गुंडाळलेलं होतं. मी रोल घेऊन चाचांकडे गेले.

चाचांनी वाद घातला नाही. पत्र्यांबरोबरच त्यांनी एक फुटभर टिनाचा तुकडा रंगवून ठेवला होता, तपासायला. तो बोटाला कोरडा लागत होता, चकचकीत दिसत होता. त्यांनी तो अर्धा बबल रॅपमध्ये गुंडाळला, अर्धा उघडा ठेवला आणि शेडच्या दारात उन्हाला लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी मला बोलावून वेढा सोडला. उघडा भाग होता तसा चकचकीत. झाकलेल्या भागावर ओळीनं गोल गोल ठसे, इडलीपात्रासारखे. मी बोट फिरवलं, ठसे बोटाला लागत होते. त्यांनी दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्राचा तुकडाही दाबून ठेवला होता. तिथे कागदाचा खरखरीतपणा आणि शाईची पुसट छटा उमटली होती.

"रंग वाळतो एका दिवसात," चाचा म्हणाले, "मुरतो महिन्यात."

मी विज्ञानाची शिक्षिका, त्यामुळे मला याचं कारण शोधल्याशिवाय चैन पडेना. हल्लीचा गाडीचा रंग दोन भागांचा असतो, रंग आणि हार्डनर. मिसळल्यावर दोन गोष्टी एकदम सुरू होतात. थिनर उडून जातं आणि रंग व हार्डनर यांचे रेणू एकमेकांत गुंतत जातात. वरचा थर लवकर घट्ट होतो, म्हणून आपल्याला तो वाळलेला वाटतो. आत मात्र थिनर अजून असतं आणि वाट मिळेल तसं हळूहळू बाहेर येत असतं. मोठ्या वर्कशॉपात ६० अंशांच्या आसपास तापवलेल्या भट्टीत हे काम लवकर पुढे सरकतं. साध्या शेडमध्ये मारलेल्या रंगाला मात्र आठवडे लागतात आणि हवा गार, दमट असेल तर आणखी जास्त. या काळात वर प्लॅस्टिक चिकटलं की थिनर तिथेच कोंडतं, रंग पुन्हा मऊ करतं आणि वर जे टेकलेलं असेल त्याचा ठसा घेतं. बबल असेल तर गोल, पुठ्ठा असेल तर रेघा, चादर असेल तर विणीचे चौकोन. मास्किंग टेपचा पट्टा तसाच. काढला की कडेची रेघ राहून जाते.

हे सगळं मी रात्री आईला सांगितलं, तर ती हसली. म्हणाली, "ह्यात नवीन काय गं? शालू प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतं का कुणी?" तिच्या लाकडी पेटीत आजीची शहापुरी साडी आणि तिचा स्वतःचा शालू होता. दोन्ही आप्पांच्या जुन्या मऊ धोतरात गुंडाळलेले. पावसाळा संपला की ती ते सावलीत हवेला टाकायची, घडी मोडून दुसरीकडून घालायची, म्हणजे एकाच जागी चिरत नाही. डांबरगोळी रेशमाला आणि जरीला लागू द्यायची नाही. वडगावला मागावरून उतरलेलं कापड कसं ठेवतात हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. चाचांचं आणि आईचं शास्त्र एकच निघालं. फरक एवढाच की शालूला धोतर टेकलेलं चालतं, ताज्या रंगाला तेही टेकायला नको.

आता प्रत्यक्ष व्यवस्था सांगते. तुमच्याकडे असा प्रसंग आला तर उपयोगी पडेल.

जागा माजघराची निवडली. तिथे थेट ऊन येत नाही, स्वयंपाकघर लांब आहे, त्यामुळे फोडणीचा तेलकट धूर पोचत नाही. दोन्ही बाजूंना खिडक्या. सुताराकडून लाकडी घोडा करून घेतला, भिंतीपासून हातभर लांब. मातीच्या भिंतीला पावसाळ्यात ओल धरते, तिला काहीही टेकवायचं नाही. पत्रे आडवे टाकायचे नाहीत आणि एकावर एक तर मुळीच नाही. बॉनेट आणि डिकीच्या बोल्टच्या भोकांतून बोल्ट घालून ती घोड्याच्या फळीला उभी आवळली. दारं बिजागरीच्या बाजूनं टांगली. म्हणजे सगळा भार अशा जागी, जी गाडी जोडल्यावर दिसणार नाही. दोन पत्र्यांत वीतभर अंतर.

मी टांगायच्या तारांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळणार होते, चाचांनी आधीच बजावलं. काळं रबर फिकट रंगाला लागून राहिलं की तपकिरी डाग पडतो, तो पॉलिश करूनही जात नाही. त्याऐवजी सुती नाडी गुंडाळली. फोमचे तुकडेही नकोत म्हणाले, जुना फोम चिकट भुगा होऊन बसतो. दारांच्या खालच्या कडेला पाणी निथळायची छोटी भोकं असतात, ती उघडी आहेत ना हे काडी घालून बघितलं. आप्पांच्या वेळी तीच मातीनं बुजली होती आणि दारं खालून कुजली होती.

पहिला महिना पत्र्यांभोवती काहीच नाही. फक्त वर, छताखाली, चांदवा बांधतात तसं एक जुनं लुगडं ताणून बांधलं. कारण पाल. पालीची विष्ठा ताज्या रंगावर दोन दिवस राहिली तर डाग आत उतरतो. झाडू मारायचा नाही, झाडूनं उडालेली धूळ पत्र्यावरच बसते. फरशी ओल्या फडक्यानं पुसायची. पंखा बंद. कोरड्या दिवशी दोन्ही खिडक्या उघड्या, पाऊस लागला की वाऱ्याच्या बाजूची बंद. संध्याकाळचा धूप सोप्यात. धूळ बसलीच तर कोरड्या फडक्यानं पुसायची नाही, ते फडकं म्हणजे पॉलिश पेपरच. साध्या गार पाण्यात भिजवलेलं मऊ सुती कापड, न दाबता वरून खाली, आणि पाणी टिपून घ्यायचं. साबण, वॅक्स, पॉलिश काही नाही.

मी रोज सकाळी नाक पत्र्याजवळ नेऊन वास घ्यायचे. चाचांनी सांगितलं होतं, "जोवर थिनरचा वास येतो, तोवर तो श्वास घेतोय. तोंड दाबू नका." जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वास गेला. मग आईनं पेटीतून चार जुन्या सुती साड्या काढल्या. किती वेळा धुतलेल्या म्हणून मऊ, खळ नसलेल्या. खळीच्या कापडाला झुरळं लागतात. दोऱ्या बांधून घोड्याच्या चारी बाजूंनी त्या पडद्यासारख्या सोडल्या, पत्र्याला न टेकता. आत वारं खेळेल आणि धूळ बाहेर राहील. काढताना साडी ओढायची नाही, वर उचलायची. माजघरात रात्री दिवा लावला की लोकांना वाटायचं आमच्याकडे कुणी बाळंतीण आहे.

मग ऑगस्ट आला. २०१९ चा तो पाऊस तुमच्यापैकी बेळगाव, कोल्हापूर, सांगलीकडच्या लोकांना विसरता येणार नाही. कोल्हापूर-निपाणीच्या बाजूला पुणे-बेंगळुरू हमरस्ता पाण्याखाली जाऊन बंद पडला. गावात जुनी मातीची घरं बसत होती. बाळू निघाला होता, त्याला रस्त्यातूनच परत फिरावं लागलं. नागपंचमीच्या आदल्या रात्री आमच्या माजघराची मागची भिंत पाणी प्याली. पहाटे गिलाव्याचं एक ढेकूळ घोड्यापासून फूटभर अंतरावर पडलं. भिंतीला हात लावला तर हात ओला. पत्र्यांना भिंतीपासून हातभर लांब ठेवलं होतं, तेवढ्यानंच त्या सकाळी वाचलं.

शेजारी कानडी अज्जींचं घर, नवीन, सिमेंटचं. मी विचारायच्या आधीच त्या पाऊस झेलत दारात येऊन उभ्या राहिल्या. "टीचर, सामान आमच्याकडं आणा की. भिंत पडायची वाट बघालाय काय?" त्यांच्या दोन सुना आणि नातू मदतीला आले. आता सहा पत्रे भर पावसात दोन घरांमधल्या बोळातून न्यायचे. चाचांची आणखी एक सूचना मला पाठ होती. पत्र्याला हात लावायच्या आधी अंगठी, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल, बांगड्या, सगळं काढायचं. पण त्या मुलींनी पंचमीच्या नव्या बांगड्या आदल्याच दिवशी भरलेल्या. सणाच्या दिवशी हात मोकळा करा, असं मला म्हणवेना. धाकट्या सुनेनं दोन रुमाल आणले, दोघींनी बांगड्या कोपरापर्यंत सरकवून वरून रुमाल बांधले आणि आम्ही पत्रे उचलले. दोघींनी दोन कडा धरायच्या, बाहेरची बाजू अंगाकडे नाही, आणि बोटं फक्त आतल्या घडीत. रंग तोवर अडीच महिन्यांचा झाला होता, पावसाच्या पाण्याचं भय नव्हतं. पलीकडे गेल्यावर लगेच टिपून घेतलं. घोडाही नेला. दुपारी चारला आमच्या माजघराचा मागचा कोपरा बसला. आई सोप्यात होती, कुणाला काही झालं नाही.

आठ-दहा दिवसांत पाऊस ओसरला, पण भिंत बांधून वाळायला वेळ लागणार होता. तेवढ्यात चवथ आली, २ सप्टेंबरला. अज्जींचा गणपती दरवर्षी त्यांच्या हॉलमध्ये बसतो, आणि हॉलमध्ये आमचे पत्रे. मी म्हटलं, "अज्जी, काहीतरी दुसरी सोय करते." त्या म्हणाल्या, "इरली बिड्री." असू देत, राहू देत. "आमचा गणप्पा आत बसतोय की. त्याला काय, तो कुठंबी बसतोय." आणि खरंच त्या वर्षी त्यांचा गणपती आतल्या देवखोलीत बसला. आरतीला आलेले पाहुणे दाटीवाटीनं उभे राहिले, आणि हॉलमध्ये आईच्या साड्यांच्या पडद्याआड आप्पांच्या गाडीची दारं. कुणी विचारलं तर अज्जी सांगायच्या, "अप्पारांची गाडी हाय. हात लावू नका."

ऑक्टोबरमध्ये पत्रे घरी आले. डिसेंबरात सांगाडा तयार झाला. चाचांचा डोळा बरा झाला होता. त्यांनी रंगाचा बंद डबा उघडला. तळाशी रंग दगडासारखा बसलेला. अर्धा तास ढवळून, कापडातून दोनदा गाळून घेतला. हार्डनर मात्र नवीन आणायला लावला. उघडलेल्या बाटलीतला हार्डनर हवेतली ओल धरून खराब होतो, तो वापरायचा नाही म्हणाले. सांगाडा रंगवून झाला, महिनाभर मुरू दिला. दरम्यान पत्रे एकदा उन्हात काढून पाहिले. डिकीवर एका ठिकाणी नखाएवढा पुसट ठिपका, पालीचा. पडद्याच्या फटीतून कधीतरी शिरली असावी. चाचांनी रबिंगचं बोट फिरवलं, गेला. बाकी सहाही पत्रे मे महिन्यात होते तसे.

फेब्रुवारी २०२० मध्ये गाडी जोडली. बाळू रजा काढून आला. मे मध्ये रंगवलेली दारं आणि डिसेंबरमध्ये रंगवलेला सांगाडा, यांचा मेळ बसतोय का याची आम्हा सगळ्यांनाच धाकधूक. शेवटचं दार लावल्यावर चाचा गाडी उन्हात घ्या म्हणाले. भोवती एक फेरी मारली, मग सावलीत घ्यायला लावली आणि आणखी एक फेरी. दार आणि सांगाडा यांच्या फटीपाशी डोळा लावून उभे राहिले. नंतर कुणाकडे न बघता म्हणाले, "टीचर, चहा."

आईला पुढच्या सीटवर बसवून बाळूनं गोवावेसपर्यंत फेरी मारून आणली. मागे मी आणि अज्जी. आई वाटभर काही बोलली नाही, एकदा फक्त डॅशबोर्डवरून पदरानं धूळ पुसायला गेली आणि हात आवरला. महिन्याभरात लॉकडाऊन लागलं आणि गाडी पुन्हा घरीच उभी राहिली, पण आता शेडखाली. वर सैल सुती खोळ, तीही पूर्ण वाळलेल्या गाडीवर आणि फक्त धुळीपुरती. पंधरा दिवसांतून एकदा खोळ काढून दारं उघडून ठेवायची आणि इंजिन चालू करायचं, हा आईचा हुकूम होता. २०२२ मध्ये आई गेली. हुकूम अजून चालू आहे.

तुमच्याकडे ताडपत्रीखाली अशी गाडी असेल, तर आज संध्याकाळी सुतळी सोडा. रंग बाहेरून कितीही चांगला दिसो, कडेनं बोट घालून ओल बघा. आणि नवा रंग दिला असेल तर महिनाभर त्याच्या अंगाला काही लावू नका.

बाळूनं पाठवलेला बबल रॅपचा रोल अजून माळ्यावर आहे. दर दिवाळीला त्यातला हातभर कापून मी चकल्यांचा डबा गुंडाळते आणि पुण्याला त्यालाच पाठवते.